लाईट चालू आहे, पण रस्त्यावर अंधारच

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की संध्याकाळी साडेसहालाच अंधार पडतो आणि मग कॉलनीतल्या आतल्या रस्त्यांवरून पायी चालायचं म्हटलं की भीती वाटते, त्याबद्दल हे पत्र. मेन रोडबद्दल पेपरात बरंच येतं, ब्लॅकस्पॉट येतात, उड्डाणपूल येतात, पण सोसायट्यांमधून जाणारे जे नऊ-बारा मीटरचे रस्ते आहेत, ज्यांच्यावरून मुलं क्लासला जातात, आजी-आजोबा फिरायला निघतात, कामाला येणाऱ्या बायका बसस्टॉपपर्यंत चालत जातात, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आणि तक्रार केली की महापालिकेच्या ऍपवर उत्तर येतं, "पोल तपासला, लाईट चालू आहे", आणि तक्रार बंद.

लाईट चालू असते हे खरंय हो. पण ती पडते कुठे ते कोणी बघत नाही. आमच्याकडे रस्ता झाला तेव्हा झाडं लहान होती, आता रेनट्री आणि सोनमोहर चांगले तीन मजले वाढलेत आणि फिटिंग फांद्यांच्या वर राहिलंय, म्हणजे उजेड झाडाच्या डोक्यावर आणि खाली फुटपाथवर काळोख. त्यात जुने सोडियमचे पिवळे दिवे काढून त्याच पोलांवर एलईडी बसवले, दोन पोलांमधलं अंतर तेच ठेवलं. एलईडीचा उजेड सरळ खाली पडतो, त्यामुळे पोलाखाली लख्ख आणि मधल्या पट्ट्यात काहीच नाही. गाडी चालवणाऱ्याचे डोळे त्या लख्ख उजेडातून एकदम अंधारात जातात आणि नेमका तिथेच माणूस चालत असतो, समोरून कोणी अप्पर लावून आला की मग तर संपलंच.

फुटपाथवरून चाला असं सांगणाऱ्यांनी एकदा रात्री येऊन चालून दाखवावं. दुचाक्या लावलेल्या, मधेच डीपीची पेटी, चेंबरचं झाकण तुटलेलं, आणि हे सगळं अंधारात दिसत नाही म्हणून माणूस आपोआप खाली रस्त्यावर उतरतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना असंच रात्री घरी जाताना एका मोटरसायकलने उडवलं, पाय मोडला, कितीतरी महिने काम बंद. तो मुलगा काही फार जोरात नव्हता, त्याला त्या दिसल्याच नाहीत, आणि मला तरी त्यात खोटं काही वाटत नाही कारण तिथे मला स्वतःलाही समोरचा माणूस जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, मग गाडी थांबायला आणखी काही मीटर, सगळे मिळून पंचवीसेक मीटर सहज. डिप्परवर गडद कपड्यातला माणूस बऱ्याचदा तेवढ्या अंतरावर आल्यावरच दिसतो, मग कसं थांबणार? वेग ३० असेल तर हेच अंतर जवळपास एक तृतीयांशाने कमी होतं. म्हणून उजेड आणि वेग या दोन्ही गोष्टी एकत्रच बघायला पाहिजेत. स्पीडब्रेकर टाकतात ते पण रंगवलेले नसतात, आधी बोर्ड नसतो, अंधारात दुचाकीवाला त्याच्यावर आपटून पडतो, पट्टे मारायला असा किती खर्च येतो?

२०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती, हे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच आकडे आहेत. जवळजवळ दर पाचात एक. घरातून फक्त चालत निघालेली माणसं ही.

नियम नाहीत असंही नाही. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १९४४, त्यात वर्दळीच्या अंतर्गत रस्त्याला सरासरी ८ लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आणि कमी वर्दळीच्या रस्त्याला ४ लक्स उजेड सांगितलाय, आणि नुसती सरासरी बघायची नाही, सगळ्यात अंधाऱ्या जागीसुद्धा सरासरीच्या निदान ०.३ पट उजेड पाहिजे असंही आहे. आमच्यासारख्या रस्त्यांवर नेमकं हेच पाळलं जात नाही! महापालिकांच्या कायद्यात कलम ६३ मधे सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे बंधनकारक काम आहे, मर्जीचं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८अ आलं, रस्त्याचं डिझाईन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुण्याने तर २०१६ लाच पादचारी धोरण मंजूर केलं, चांगलं काम आहे, बाकीच्या शहरांनीही करावं.

सकाळचंही सांगते. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि आमच्या रस्त्यावरचे दिवे सहालाच बंद होतात, कारण टायमर उन्हाळ्यात लावलेला तसाच. चौथीपर्यंतच्या शाळा आता नऊच्या आधी भरवायच्या नाहीत हे २०२४ मधे सरकारने ठरवलं ते बरंच झालं, पण पाचवीपासून पुढची मुलं सकाळच्या शाळेला त्याच अंधारात रिक्षाची वाट बघत उभी असतात. टायमर बदलायला टेंडर लागत नाही, एक वायरमन पुरे.

माझी मागणी एवढीच आहे की वॉर्डातल्या इंजिनिअर साहेबांनी रात्री आठ-नऊच्या सुमाराला गाडीतून न येता पायी फिरून सर्व्हे करावा, हातात लक्समीटर घेऊन, आणि मोजमाप पोलाखाली नको, दोन पोलांच्या मधे आणि फुटपाथच्या कडेला घ्यावं. जिथे झाडं आड येतात तिथे झाडाचा पार सांगाडा न करता रीतसर परवानगी घेऊन फक्त आड येणाऱ्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर फांद्यांच्या खाली कमी उंचीवर दुसरं फिटिंग बसवावं. झेब्रा क्रॉसिंगला गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, क्रॉसिंगच्या थोडं अलीकडे दिवा हवा म्हणजे चालणाऱ्याच्या अंगावर उजेड पडतो, नाहीतर नुसती काळी आकृती दिसते. नवीन लेआऊटमधे "रस्ता अजून ताब्यात आलेला नाही" म्हणून वर्षानुवर्षं दिवेच नसतात, तिथे निदान कोपऱ्यांवर आणि बसस्टॉपपाशी तात्पुरते तरी लावा. आणि तक्रार बंद करताना रात्री काढलेला फोटो टाकणं सक्तीचं करा, दिवसा पोलाचा फोटो काढून काय समजणार.

सर्व्हेला आमच्या भागातले बरेच जण बरोबर यायला तयार आहेत, शाळेच्या मागच्या रस्त्यापासून सुरुवात केली तर फारच बरं होईल.

आपली नम्र,
एक वाचक