लूपमागचा हात कोणाचा, हे सांगितले जावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांचे दिवस जवळ आले की मंचावरच्या यंत्रवाद्यांविषयी वृत्तपत्रांतून लिहून येते आणि त्यात बहुतेक वेळा एकच तक्रार असते, की वादक कमी झाले आणि बटण दाबून संगीत वाजू लागले. या तक्रारीत तथ्य आहे, आणि ज्यांचे घर ढोलकी, हलगी किंवा संबळ यांवर चालते त्यांना ती करण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र असे लिहिताना दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. संपूर्ण गाण्याची साथसंगत आधीच तयार करून आणायची आणि मंचावर ती सुरू करून त्यावर गायचे, ही एक गोष्ट. तिला आपण सगळे ‘ट्रॅक’ म्हणतो. कलाकाराने ठेका, मंजिरी, तानपुरा, टाळ असा एकेक थर स्वतः ध्वनिमुद्रित करायचा, संगणकाशिवाय चालणाऱ्या सॅम्पलरच्या, म्हणजे मुद्रित आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्राच्या, पॅडांवर ते थर मांडायचे आणि कोणता थर कधी येईल, कधी थांबेल, हे कार्यक्रम चालू असताना हाताने ठरवायचे, ही दुसरी गोष्ट. ती वादन आहे, असे माझे तालवादक म्हणून स्पष्ट मत आहे, आणि तिला वादनाचा मान हवा असेल तर वादनाची जबाबदारीही तिच्यावर येते, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आवाजाचा तुकडा सलग फिरवत ठेवण्याची, म्हणजेच ‘लूप’ची, कल्पना नवी नाही. पिएर शेफेर यांनी १९४८ साली पॅरिसमधील नभोवाणीच्या स्टुडिओत तबकडीवर बंद वर्तुळाची खाच पाडून तोच ध्वनी पुन्हा पुन्हा वाजवला होता. पुढे १९८८ मध्ये रॉजर लिन यांनी आराखडा केलेले अकाई कंपनीचे एमपीसी ६० हे यंत्र आले, आणि १६ पॅडांवर बोटांनी ध्वनी वाजवण्याची जी पद्धत त्याने रुजवली ती आजही बहुतेक सॅम्पलरांत दिसते. त्या यंत्राच्या मूळ स्मृतीत सुमारे १३ सेकंदांचाच आवाज मावत असे. म्हणजे मिनिटाला ८० मात्रांच्या लयीतील केरव्याची, या ८ मात्रांच्या तालाची, जेमतेम दोन आवर्तने. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पथकांतून रोलंडचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायच्या पॅडांचे यंत्र, घरोघरी माहीत झाला, आणि त्याच कंपनीच्या २००३ मधील एसपीडी-एस व २०११ मधील एसपीडी-एसएक्स या यंत्रांमुळे तयार टोनांच्या जागी स्वतः मुद्रित केलेला आवाज पॅडवर घेणे काठीने वाजवणाऱ्यालाही शक्य झाले. २०२१ मध्ये आलेल्या एसपी-४०४ एमके-२ या सहज उचलून नेता येणाऱ्या सॅम्पलरमध्ये तर १६ जीबी जागा आहे. स्मृतीची चणचण संपली असली तरी कानाची आणि तालाची कसोटी तेवढीच कठोर राहिली आहे, आणि ‘बटण दाबले की झाले’ असे म्हणणाऱ्यांना नेमकी तीच दिसत नाही.

एका साध्या केरव्याचेच पाहा. मिनिटाला ८० मात्रा धरल्या तर एक मात्रा ०.७५ सेकंदाची आणि ८ मात्रांचे आवर्तन नेमके ६ सेकंदांचे होते. लूप कापताना तो ६.०२ सेकंदांचा राहिला तर एका आवर्तनात कोणाच्याही लक्षात येणार नाही. पण पाच मिनिटांच्या गाण्यात तो ५० वेळा फिरतो आणि तोवर यंत्राच्या घड्याळाने चालणाऱ्या इतर थरांपेक्षा एक पूर्ण सेकंद, म्हणजे एका मात्रेहूनही अधिक, मागे पडलेला असतो. तसेच लूपच्या तोंडाशी २० मिलिसेकंदांची शांतता शिल्लक राहिली तर पॅड कितीही अचूक दाबले तरी ठोका प्रत्येक वेळी तेवढाच उशिरा पडतो आणि ऐकणाऱ्याला ठेका ढिला वाटतो. त्यामुळे ध्वनिमुद्रणाआधी लय निश्चित करणे, कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, ठेवून वाजवणे आणि मुद्रण झाल्यावर दोन्ही टोके तपासणे यांवाचून दुसरा मार्ग नाही.

याहून नाजूक प्रश्न डग्ग्याच्या घुमाऱ्याचा आहे. शेवटच्या मात्रेवर वाजलेल्या डग्ग्याची आस पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, रेंगाळत असते. हात थांबला तरी नाद थांबत नाही. पहिलेच आवर्तन कापून त्याचा लूप केला तर त्याच्या आरंभी मागच्या आवर्तनाची आस नसते, शेवटची आस मध्येच तुटते आणि प्रत्येक समेला ठेच लागल्यासारखे होते. म्हणून जाणकार वादक तीन-चार आवर्तने सलग वाजवतो आणि त्यांतले मधले निवडतो, ज्याच्या समेवर आधीच्या आवर्तनाचा नाद आपोआप मिसळलेला असतो. सांधा ध्वनिलहर शून्यावर असताना कापावा, नाहीतर दर आवर्तनाला ‘टक्’ असा आवाज येतो. तबला न वाजवणाऱ्याला हे शिकवता येईल, पण कोणते आवर्तन जिवंत आहे आणि कोणते केवळ अचूक आहे, हे निवडण्यासाठी वादकाचाच कान लागतो.

थर चढवताना मोह आवरणे हे सर्वांत कठीण आहे. ठेक्यावर मंजिरी, मंजिरीवर ढोलकी, ढोलकीवर टाळ्या, त्यावर आणखी एक खर्ज, असे करता येते म्हणून केले जाते. प्रत्येक थराबरोबर खोलीतली घरघर आणि मायक्रोफोनची सळसळही मुद्रित होते, आणि सारख्या पातळीचे थर दुप्पट झाले की ही पार्श्वध्वनीची पातळी सुमारे ३ डेसिबलने चढते. एकाचे आठ थर झाले की वाढ सुमारे ९ डेसिबलची होते. शिवाय डग्गा, ढोलकी आणि कीबोर्डचा खर्ज हे तिन्ही खालच्या स्वरांच्या एकाच पट्ट्यात दाटी करू लागले की गायकाचा आवाज मागे जातो आणि साउंडवाल्याला दोष दिला जातो. तीन थर नीट मुद्रित केलेले असावेत आणि चौथ्याची जागा प्रत्यक्ष वादकासाठी मोकळी ठेवावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. तयार झालेले थर एकत्र करून त्यांचे पुन्हा एकच ध्वनिमुद्रण करण्याची सोय अनेक सॅम्पलरांत असते. ती वापरावी, मात्र सुटे थर पुसू नयेत, कारण एकत्र झालेल्या लूपमधून मंजिरी तेवढी सहजासहजी वेगळी काढता येत नाही.

लयीचा प्रश्न आपल्या संगीतापुरता आणखी अवघड होतो. भजन असो वा लावणी, लय हळूहळू वाढते आणि त्या वाढण्यातच रंग भरतो. लूपचा वेग नुसता वाढवला तर स्वरही चढतो. ८० ची लय ९० वर नेली की हे प्रमाण ९ : ८ होते, म्हणजे षड्जावरून थेट शुद्ध रिषभ, काळी एक या पट्टीत लावलेला तबला काळी दोनचा होऊन बसतो आणि गायक मात्र काळी एकमध्येच गात असतो. स्वर न बदलता वेग बदलण्याची सोय आधुनिक यंत्रांत आहे, पण थोड्याशा बदलापलीकडे ती ओढली की डग्ग्याची मींड, म्हणजे घसरत जाणारा नाद, फाटल्यासारखी ऐकू येते. यावरचा खरा उपाय कष्टाचा आहे: तोच ठेका वेगवेगळ्या लयींत पुन्हा वाजवून मुद्रित करावा आणि लय वाढेल तसे पुढच्या पॅडवर जावे. लय वाढली की ठेक्यातले बोल भरण्याची रीतही बदलते, त्यामुळे असे वेगळे वाजवलेले लूप संगीताच्या दृष्टीनेही अधिक खरे ठरतात.

पॅड केव्हा दाबायचे, हेही शिकावे लागते. पॅड दाबताच लूप सुरू व्हावा की पुढच्या समेची वाट पाहावी, बोट उचलताच थांबावा की फिरत राहावा, एक लूप सुरू झाला की दुसरा गप्प व्हावा का, या गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. ही यंत्रे चार-चारच्या हिशेबावर बेतलेली असतात. रूपक तालाच्या ७ किंवा झपतालाच्या १० मात्रा घ्यायच्या असतील तर तो हिशेब बदलून द्यावा लागतो, नाहीतर यंत्र आठव्या मात्रेची वाट पाहते आणि गायकाची सम निघून जाते. ज्या विद्यार्थ्याने तबल्याच्या परीक्षांसाठी ताललिपी लिहायचा सराव केला आहे, त्याला सम, खाली आणि विभाग यांची मांडणी पाठच असते. सॅम्पलर शिकायला याहून चांगली पूर्वतयारी नाही, आणि तरीही आपल्या बहुतेक संगीतवर्गांतून त्याला या यंत्राची ओळख करून दिली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

आता जबाबदारीविषयी. अनेक पॅडांवर वाजणारी हलगी किंवा संबळ हे वाजवणाऱ्याने स्वतः मुद्रित केलेले नसते. कोणा वादकाला तासाभरासाठी बोलावून, किरकोळ रक्कम देऊन, त्याचे ठेके मुद्रित केले जातात आणि पुढे तेच लूप कार्यक्रमामागून कार्यक्रमांत, हातोहात, पेनड्राइव्हवरून फिरत राहतात. त्या वादकाला मात्र पुन्हा बोलावणे येत नाही, कारण त्याचा ठेका आता त्याच्यावाचून मिळतो. यंत्राविषयीच्या रागाचे मूळ इथे आहे, आणि तो राग रास्त आहे. कायदा याबाबतीत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार वादकाला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांपर्यंत हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८-बी मध्ये सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, असा दावा करण्याचा हक्कही त्याला मिळाला आहे. जुन्या तबकडीवरून किंवा कॅसेटवरून तुकडा उचलायचा असेल तर त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते, आणि हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. तुकडा दोन सेकंदांचा आहे म्हणून तो आपोआप मोकळा होत नाही.

म्हणून माझी आयोजकांना विनंती आहे की, साथीदारांची नावे जाहीर करताना लूपमध्ये ज्याचे वादन आहे त्याचेही नाव घ्यावे, मग तो त्या दिवशी मंचावर असो वा नसो. सॅम्पलर वाजवणाऱ्या तरुणांनी ज्याला मुद्रणासाठी बोलावतो त्याच्याशी साध्या मराठीत एक पान लिहून घ्यावे: ठेके कोणते, किती काळ आणि कशासाठी वापरणार, मानधन एकदाच की प्रत्येक कार्यक्रमामागे. संगीत विद्यालयांनी ढोलकी, संबळ, घुमट वाजवणाऱ्या ज्येष्ठ कलाकारांना केवळ मुद्रणापुरते न बोलावता लूप निवडण्याच्या आणि कापण्याच्या कामातही गुरू म्हणून बसवावे. आणि आपल्या वृत्तपत्रात कार्यक्रमांचे परीक्षण लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, मंचावर यंत्र दिसले की ‘ट्रॅकवर झालेला कार्यक्रम’ असे लिहिण्यापूर्वी त्यांनी मध्यंतरात कलाकाराला जाऊन दोन प्रश्न विचारावेत: हे थर कोणी वाजवले, आणि आज ते कोण वाजवत आहे. मिळालेले उत्तर नावानिशी छापावे.

आपला विश्वासू,
एक तालवादक व शिक्षक, कोल्हापूर