वारसांच्या घरातली बंदूक

शस्त्रपरवाना कुणाला द्यावा, यावर वाद पुष्कळ होतो; परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरात उरलेल्या शस्त्राचे काय, हे कुणी विचारत नाही. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, तो वारसाकडे आपोआप येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 नुसार असे शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. बंदूक भरलेली असू शकते; हाताळता येत नसेल तर घरच्यांनी ती न उचलता पोलिसांनाच बोलवावे. पावतीवरचा शस्त्रक्रमांक, बोअर (नळीच्या व्यासाचे माप) आणि काडतुसांची संख्या परवान्याशी ताडून घ्यावी.

शस्त्र ठेवायचेच असेल तर वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, मुरबाड-शहापूरकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला 2 च शस्त्रे बाळगता येतात, आणि वारशाने आलेलेही त्यातच मोजले जाते. हे ठाऊक नसल्याने आजोबांची बारा बोअरची बंदूक माळ्यावर पडून राहते. विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षे झाली. म्हणजे नूतनीकरण चुकेपर्यंत धारकाच्या मृत्यूची खबर परवाना शाखेला लागेलच असे नाही. महापालिकेने मृत्यूनोंदणीच्या अर्जात शस्त्रपरवान्याचा रकाना ठेवावा आणि ती माहिती दरमहा परवाना शाखेला कळवावी.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे