थेरपिस्ट ताई, त्या चार बटणांसाठी

थेरपिस्ट ताई,

आईला घरी आणून आज सहा आठवडे झाले. निघताना तुमचे आभार मानायचे राहून गेले. खरं सांगायचं तर राहून गेले नाहीत, बोलायला तोंड उघडलं की घसा दाटून यायचा, म्हणून मीच टाळलं. आज लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

आधीच्या केंद्रातली हकीकत मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. पक्षाघातानंतर आई तिथे दीड महिना होती. सोडायच्या दिवशी एक बाई फॉर्म घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "जेवण स्वतः? कपडे? संडासला एकट्या जाता?" आई प्रत्येक प्रश्नाला "हो, हो" म्हणत गेली. एकदा जरी "नाही" म्हटलं तरी ठेवून घेतील, ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. आणि मीही गप्प बसले, कारण मलाही ती घरी हवी होती. भराभर खुणा झाल्या. १०० पैकी ९५ गुण.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री ती संडासच्या दारात पडली. कपाळाला ६ टाके पडले. त्याहून वाईट म्हणजे तिने चालायची भीतीच घेतली. त्या बाईंना आईला खाटेवरून उठवून चार पावलं चालवून बघायला किती वेळ लागला असता? हा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

म्हणून तुमच्याकडे आलो तेव्हा तुमचा फॉर्म बघूनच माझं डोकं फिरलं होतं. रोजची कामं माणूस स्वतः किती करतो ते गुणांत मांडणारा तोच बार्थेल निर्देशांक, त्याच १० बाबी, तेच १०० गुण. तुम्ही चिडला नाहीत. महोनी आणि बार्थेल या दोघींचा हा तक्ता १९६५ सालापासून वापरात आहे, तक्त्यात खोट नाही, असं म्हणालात. माणूस काय करू शकेल ते त्यात लिहायचं नसतं, तो रोज प्रत्यक्ष काय करतो ते लिहायचं असतं. आणि जवळ कुणाला नुसतं उभं राहावं लागत असेल, तरी ते काम "स्वतः करतात" या रकान्यात जात नाही. इतकी साधी गोष्ट आम्हाला आधी कुणीच सांगितली नव्हती.

सोडायच्या आधीचे तीन दिवस तुम्ही येत राहिलात. आईला "करता का?" असं एकदाही विचारलं नाहीत. "मला दाखवाल?" असं विचारलंत. तिच्या आंघोळीच्या वेळेला, पहाटे, आलात. रात्रपाळीच्या सिस्टरांना गाठून अंधारात उठताना आईचा तोल कसा असतो ते विचारून घेतलंत. दुपारी ताजीतवानी असलेली आई आणि रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत उठलेली आई, या दोन वेगळ्या बायका आहेत हे मला टाके पडल्यावर कळलं. तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं.

पण हे पत्र मी दुसऱ्या दिवसाच्या सकाळसाठी लिहिते आहे.

तुम्ही आईपुढे पुढून उघडा गाऊन ठेवलात आणि स्टुलावर बसलात. पडल्यापासून तिला कपडे मी घालत होते, नाहीतर तिथल्या मावशी. दोन मिनिटांचं काम. आईने गाऊन उचलला, आधी डावा, लुळा हात बाहीत सरकवला, मग उजवा. तुम्हीच शिकवलं होतं, घालताना दुखरी बाजू आधी, काढताना शेवटी. मग बटणं. एका हाताने, खालून वर. पहिलं लागलं. दुसरं तीनदा निसटलं. तिचा अंगठा थरथरायला लागला, कपाळावर घाम आला आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

तुम्ही काही बोलला नाहीत. तो हात हळूच तुमच्या हातात घेतलात आणि धरून ठेवलात. आईची नजर बटणावर होती, तिला काही कळलंही नाही. तिसरं लागेपर्यंत, चौथं लागेपर्यंत तुम्ही माझा हात सोडला नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात ११ मिनिटं गेली होती. बाहेर तुमची पाच माणसं खोळंबली होती, हे मला नंतर कळलं. आईने गाऊन खाली ओढून नीट केला आणि वर बघितलं. आजारपणानंतर तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती, पेशंट नव्हे.

शेवटी ७० गुण झाले. ९५ वरून ७०, मला वाईट वाटलं होतं, कबूल करते. कपड्यांचे पूर्ण गुण दिलेत आणि आंघोळीला शून्य. तिथे ५ किंवा शून्य, मधलं काही नसतं. संडासच्या रकान्यात "मदतीने". "हे सत्तर खरे आहेत," एवढंच म्हणालात. त्या खऱ्या आकड्यामुळे आम्ही बाथरूममध्ये दांड्या बसवल्या, आंघोळीला खुर्ची आणली, रात्री मी तिच्या खोलीत झोपायला लागले. आणि त्याच आकड्यामुळे आईच्या गाऊनला आता कुणी हात लावत नाही.

लोक मदत करतात, ताई, नाही असं नाही. नातेवाईक येतात, आईच्या तोंडात घास भरवतात, तिचं वाक्य तिच्या आधी पुरं करतात. प्रेमानेच करतात, मीही तेच करत होते. पण समोरच्याला जमेल असं मनापासून मानून त्याच्यासाठी शांत बसून राहणारी माणसं मी फार थोडी पाहिली. जिथे जमत नाही तिथे तसं तोंडावर सांगणारी त्याहून थोडी. तुम्ही आईला दोन्ही दिलंत, आणि या वयात तिला आणखी काय हवं असणार?

आता चौथ्या बटणापर्यंत तिला सहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी खोलीतच बसते, हात मांडीवर ठेवून. आंघोळीच्या वेळी मात्र दारालगत उभी असते, तुम्ही लिहून दिलंत म्हणून. पाठीला साबण लावून दिला की बाहेर येते. आत ती काहीबाही बोलत असते. गप्प झाली की मी हाक मारते, आणि ती म्हणते, "आहे गं, आहे."

तुमची,
चार नंबरच्या खाटेवरच्या आजींची मुलगी