अण्णांच्या हाती सुई देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा अण्णांनी विचारले, "त्या बाई परत कधी येणार?" पक्षाघात होऊन दीड वर्ष झाले, एवढ्या काळात त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न, म्हणून हे पत्र.

हातपाय सावरल्यावरही ते खुर्चीतून उठत नसत, भूक लागली तरी जेवण मागत नसत. ज्या डॉक्टरांकडे आम्ही आठ महिने खेपा घातल्या, त्यांनी दर वेळी नैराश्याची गोळी वाढवली आणि "वय झालंय, आता असंच चालायचं" एवढे बोलून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. आम्हीही अण्णांना आळशी ठरवून ओरडत राहिलो, याची लाज वाटते. नैराश्य वेगळे आणि ही उदासीनता वेगळी, हिच्यात माणूस दुःखी असेलच असे नाही, मेंदूला इजा झाल्यामुळे कामाला हात घालण्याची ऊर्मीच मंदावते आणि "उठा, काहीतरी करा" म्हटल्याने ती परत येत नाही, हे आम्हाला प्रथम तुम्ही सांगितले.

दुसऱ्या भेटीत तुम्ही स्वतःचा ॲप्रन काढून त्यांच्या मांडीवर ठेवलात. सुईत दोरा ओवलेला होता, बटणाचा पहिला टाका तुम्हीच घातला होता. "मास्तर, एवढं बटण लावून द्याल?" असे विचारून तुम्ही गप्प बसलात. मी मध्ये बोलणार होते, तुम्ही हातानेच थांबवलेत. चाळीस वर्षे शिवणकाम केलेल्या त्या बोटांनी बऱ्याच वेळाने सुई उचलली, टाके घातले, बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे दिले आणि दोरा दातांनी तोडला. दुकान बंद झाल्यापासून त्यांना "मास्तर" म्हणून कोणी हाक मारली नव्हती. सुरुवात आपण करून द्यायची, पुढचे त्यांच्यावर सोडायचे आणि घाई करायची नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

आता रोज सकाळी दहा वाजता मी कापड आणि ओवलेली सुई मेजावर ठेवते. काही दिवस ती तशीच पडून राहते. ते पूर्वीसारखे होतील असे खोटे आश्वासन तुम्ही दिले नाहीत, त्याबद्दलही तुमची ऋणी आहे. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला अजून काही येते, असे धरून चालणारी माणसे किती कमी भेटतात, ताई!

पुढच्या वेळी येताना एखादे सैल बटण घेऊन या. अण्णा वाट पाहत आहेत.

आपली,
मास्तरांची मुलगी