हॉट डॉगची चव देशभर एकच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील खाद्यप्रवासावर नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात हॉट डॉगची बोळवण एका वाक्यात केली आहे : लांबट पाव, आत सॉसेज, वर केचप आणि देशभर एकच चव. विमानतळावर किंवा पेट्रोल पंपाच्या दुकानात तापलेल्या रुळांवर सकाळपासून गरगरत राहिलेले सॉसेज ज्याच्या वाट्याला आले, त्याचे मत असे होणे स्वाभाविक आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेत बरीच वर्षे काढलेल्या आणि ज्या गावी जाऊ तिथली जुनी हॉट डॉगची टपरी हुडकण्याची खोड असलेल्या माझ्यासारख्या वाचकाला मात्र ते पटत नाही. या पदार्थाची रीत शहरागणिक बदलते, त्या बदलामागे तिथे येऊन वसलेल्या लोकांचा इतिहास असतो, आणि उत्तम हॉट डॉग कोणता हे ती रीत समजून घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

आधी सॉसेजविषयी, कारण बाकी सगळे कितीही नीट जमले तरी तेच सुमार असेल तर उपयोग नाही. गोमांस, किंवा गोमांस आणि डुकराचे मांस यांचे मिश्रण, चरबी, मीठ, लसूण आणि पॅप्रिका यांचे इतके बारीक वाटण करतात की मांसाचा कण वेगळा ओळखू येऊ नये. वाटताना घर्षणाने मिश्रण तापते आणि प्रमाणाबाहेर तापले तर चरबी सुटते व सॉसेज कोरडे, रवाळ लागते. म्हणून वाटणातच बर्फ घालतात. तिथल्या सरकारी नियमानुसार तयार सॉसेजमध्ये चरबी 30 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हे वाटण मेंढीच्या आतड्याच्या पातळ आवरणात भरले, तर दाताखाली आवरण तुटताना एक स्पष्ट ‘कट्’ असा आवाज होतो आणि आतला रस तोंडात येतो. उलट, दुकानांत पाकिटातून मिळणारी बहुतेक सॉसेज सेल्युलोजच्या नळीत शिजवून नंतर ती नळी सोलून काढलेली असतात. ती स्वस्त पडतात, एकसारखी दिसतात आणि खाताना कुठलाही प्रतिकार करत नाहीत. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. जुन्या टपऱ्यांपैकी ज्या अजून आतड्याच्या आवरणाचाच आग्रह धरून आहेत, त्यांच्याकडची रांग उगाच लांब नसते.

दुसरी गोष्ट आचेची, आणि इथूनच गावोगावचे भेद सुरू होतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील गाड्यांवर सॉसेज गरम पाण्यात ठेवलेली असतात. पाणी खळखळून उकळू द्यायचे नसते, नाहीतर आवरण फुटून सगळी चव पाण्यात उतरते. न्यूयॉर्कच्याच समुद्रकाठच्या कोनी आयलंड भागातल्या ‘नेथन्स’मध्ये ती सपाट तव्यावर भाजली जातात. पोलंडहून आलेल्या नेथन हँडवर्करने 1916 मध्ये हे दुकान काढले. तो आधी ज्याच्याकडे कामाला होता त्या फेल्टमनच्या मोठ्या रेस्टॉरंटात हॉट डॉगला दहा सेंट पडत, याने पाच सेंटला विकायला सुरुवात केली आणि धंदा उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या बाजूला ‘टेड्स’ ही मंडळी 1927 पासून कोळशावर भाजतात, त्यामुळे तिथल्या सॉसेजला करपट कडा आणि धुराचा वास असतो. न्यू जर्सीतील क्लिफ्टनच्या ‘रट्स हट’मध्ये तर 1928 पासून चक्क तेलात तळतात. तळताना आवरण तडकून फाटते, म्हणून त्या हॉट डॉगला ‘रिपर’ म्हणतात. त्याहून अधिक तळून जवळजवळ काळा केलेला ‘क्रिमेटर’ मागणारेही आहेत, पण तो मला काही रुचला नाही. त्यावर घालायचे पिवळे रेलिश, म्हणजे मुरवलेल्या भाज्यांची बारीक चटणी, तिथेच बनते, आणि तळलेल्या मांसाचा तेलकटपणा त्या आंबट-तिखट रेलिशने नेमका कापला जातो.

पावाकडे लोक दुर्लक्ष करतात, ते योग्य नाही. हॉट डॉगचा पाव चवीने पुढे येऊ नये. त्याने फक्त सॉसेजला कवेत घ्यावे आणि शेवटच्या घासापर्यंत फाटू नये. त्यासाठी बहुतेक टपऱ्या तो वाफेवर ठेवतात. न्यू इंग्लंडमध्ये पाव वरून चिरलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कवच नसते, त्यामुळे त्या बाजूंना लोणी लावून तव्यावर खरपूस करता येतात. मऊ आणि कुरकुरीत एकाच घासात मिळवण्याची याहून सोपी युक्ती मी पाहिलेली नाही. बेसबॉलच्या मैदानावर मिळणारा, चांदीच्या कागदात गुंडाळून बराच वेळ पेटीत पडून राहिलेला हॉट डॉग मात्र याच बाबतीत मार खातो. पाव स्वतःच्याच वाफेने ओलसर, चिवट होतो. सामन्याच्या भरात लोक तो आवडीने खातात, पण त्याचे श्रेय सामन्याला.

आता शिकागो. वर काय घालायचे याचा इतका पक्का शिरस्ता दुसऱ्या कुठल्याही शहरात नसेल. शुद्ध गोमांसाचे सॉसेज, खसखस लावलेला वाफवलेला पाव, मोहरीची पिवळी चटणी म्हणजे मस्टर्ड, डोळ्यांत भरेल इतके हिरवेगार गोड रेलिश, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, मुरवलेल्या काकडीची उभी फाक, ‘स्पोर्ट पेपर’ नावाच्या लहान, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्या आणि शेवटी सेलरीच्या बियांचे मीठ. यादी वाचताना हा सगळा पसारा वाटतो. पण खाताना लक्षात येते की तिखट, आंबट, गोड, खारट आणि गार-गरम यांतली प्रत्येक गोष्ट एकदाच आली आहे आणि कुठलीही दुसऱ्यांदा आलेली नाही. शिकागोकर केचपला विरोध करतात तो हेकटपणा म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु त्याला कारण आहे : गोडवा रेलिशमध्ये आलेलाच असतो, टोमॅटोही प्रत्यक्ष हजर असतो, आणि वर केचप ओतले की मस्टर्ड व मिरच्यांचा आंबट-तिखटपणा त्याखाली दबून जातो. ज्या ‘व्हिएन्ना बीफ’ची सॉसेज तिथल्या असंख्य टपऱ्या वापरतात, ती कंपनी ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या दोघांनी 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात सॉसेज विकून सुरू केली, आणि भाज्यांनी भरलेली ही रीत रूढ झाली ती महामंदीच्या वर्षांत, जेव्हा मोजक्या सेंटांत पोटभर जेवण देणे हाच टपरीवाल्याचा धंदा होता.

तरीही शिकागोत सगळे एकाच साच्यातले नाही. रिव्हर ग्रोव्ह या उपनगरातल्या ‘जीन अँड ज्यूड्स’मध्ये टोमॅटो नाही, काकडी नाही, मस्टर्ड, रेलिश, कांदा आणि मिरच्या घालून वरून ताज्या तळलेल्या बटाट्याच्या सळ्यांचा ढीग टाकतात आणि सगळे एकत्र कागदात गुंडाळून हातात देतात. बसायला जागा नाही, केचप आवारात ठेवतच नाहीत. मला विचाराल तर सबंध शिकागो परिसरात हीच टपरी पहिली. शहराच्या वायव्येला ‘सुपरडॉग’ आहे, 1948 पासून बर्मन कुटुंबाचे. त्याच्या छपरावर हॉट डॉगचे दोन मोठे पुतळे आहेत, एक पुरुष आणि एक स्त्री, आणि मागणी अजूनही गाडीत बसल्याजागी घेतली जाते. तिथे मुलांना घेऊन जावे. चवीत मात्र पहिला क्रमांक मी सांगितलेलाच.

लेखकाचे विधान सर्वांत अधिक खोडून निघते ते मिशिगन आणि ओहायोत. तिथे ‘कोनी’ म्हणजे मसालेदार खिम्याच्या रश्शाने झाकलेला हॉट डॉग, आणि हा प्रकार रुजवला तो विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीस आणि मॅसिडोनियाकडून आलेल्या लोकांनी. डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत ‘अमेरिकन कोनी आयलंड’ आणि ‘लाफायेट कोनी आयलंड’ ही दोन दुकाने भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पहिले केरोस कुटुंबाने 1917 मध्ये काढले आणि दुसऱ्याचा उगमही त्याच घरातला. आज मात्र डेट्रॉइटमधल्या माणसाची ओळख तो यांपैकी कुठल्या दारातून आत शिरतो यावरून ठरते. माझे मत लाफायेटच्या बाजूने आहे, कारण तिथला रस्सा थोडा अधिक तिखट आणि दुकान थोडे अधिक जुनाट आहे. यावर डेट्रॉइटकरांशी वाद घालण्याची माझी तयारी नाही. दोन्हीकडे रश्शात राजमा नसतो, वर मस्टर्ड आणि मूठभर कच्चा कांदा असतो. तिथून उत्तरेला, मोटारीने तासा-सव्वा तासाच्या अंतरावरील फ्लिंटमध्ये गेलात की रस्सा गायब होतो. मोटार कारखान्यांच्या या गावात कोनीवर गोमांसाच्या हृदयाचा कोरडा, भुरभुरीत खिमा घालतात, आणि सॉसेज स्थानिक ‘केगल’ कंपनीचेच लागते. दक्षिणेला सिनसिनाटीत जावे तर तिसरेच काही : खिम्याच्या रश्शात दालचिनी आणि लवंगेसारखे मसाले, आणि त्यावर बारीक किसलेल्या चेडर चीजचा इतका उंच ढीग की खालचा पाव दिसत नाही. 1949 मध्ये निकोलस लँब्रिनिडिस या ग्रीक गृहस्थाने काढलेले ‘स्कायलाइन’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. एकाच मुळाच्या या तीन शाखा मोटारीने एका दिवसात चाखता येतात. त्यानंतर ‘एकच चव’ म्हणणे कुणालाही अवघड जाईल.

ऱ्होड आयलंडमध्ये हाच वंश ‘न्यूयॉर्क सिस्टिम’ या नावाने नांदतो, जरी न्यूयॉर्कमध्ये तसे काही मिळत नाही. प्रॉव्हिडन्सच्या ‘ओल्नीव्हिल’मधला वाढपी पूर्वी एका हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पाव मांडून दुसऱ्या हाताने झपाझप सॉसेज आणि खिमा भरत असे. आरोग्य खात्याला ही कसरत आवडणारी नव्हती, पण ज्येष्ठ गिऱ्हाइके अजून तिच्या आठवणी काढतात.

या सगळ्यात मला अलीकडच्या काळातला सर्वोत्तम वाटतो तो ॲरिझोनातल्या टूसॉनचा सोनोरन हॉट डॉग. सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातून, विशेषतः एर्मोसियो शहरातून, तो इकडे आला. सॉसेजला बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची, पट्टी गुंडाळून भाजतात, आणि दोन्ही टोकांना बंद असलेल्या ‘बोलियो’ नावाच्या मऊ मेक्सिकन पावात ते ठेवून वर पिंटो बीन्स, कांदा, टोमॅटो, मेयोनेज, मस्टर्ड आणि हिरव्या मिरचीची चटणी घालतात. वर्णन ऐकून जड वाटेल. पण बंद टोकांच्या पावामुळे काही सांडत नाही, आणि बीन्समुळे खारट बेकनला एक शांत बैठक मिळते. डॅनियल काँट्रेरास यांनी 1993 मध्ये गाडीवर सुरू केलेल्या ‘एल ग्वेरो कानेलो’ला 2018 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. बड्या रेस्टॉरंटांना गौरवणाऱ्या संस्थेने हॉट डॉगच्या दुकानाला मान द्यावा, यात मला औचित्यच दिसते. याउलट, मोठ्या शहरांत ट्रफल या महागड्या अळंबीचे तेल आणि महागडे चीज घालून चौपट दराने विकले जाणारे ‘गूर्मे’ हॉट डॉग मी शक्यतो टाळतो. टपरीचा यादीफलक जितका लांब, तितका तिथला पाव शिळा असण्याचा संभव अधिक. ज्या ठिकाणी दोन-तीनच प्रकार मिळतात आणि रांग सतत हलती असते, तिथे सॉसेज पाण्यात किंवा तव्यावर फार वेळ राहत नाही.

आपल्या वाचकांपैकी जे तिकडे जाणार असतील, त्यांना एक व्यावहारिक बाब आधी ठाऊक असावी, आणि लेखात ती पूर्णपणे राहून गेली आहे. शिकागोतील सॉसेज बहुधा शुद्ध गोमांसाचे असते, डेट्रॉइटकडे गोमांस आणि डुकराचे मांस मिसळलेले असते, टूसॉनला बेकन म्हणजे डुकराचेच मांस, आणि कोनीवरचा रस्सा तर मांसाचाच. तेव्हा ज्यांना यांपैकी काही वर्ज्य आहे त्यांनी मागणी देण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. टपरीवाल्यांना या प्रश्नाची सवय असते, ते रागावत नाहीत. संपूर्ण शाकाहारी मंडळींनी वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवरील ‘बेन्स चिली बोल’ लक्षात ठेवावे. त्रिनिदादमध्ये जन्मलेले बेन अली आणि त्यांची पत्नी व्हर्जिनिया यांनी ते 1958 मध्ये सुरू केले, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर 1968 मध्ये शहरात दंगली उसळल्या तेव्हाही ते उघडे राहिले. तिथली खरी ख्याती ‘हाफ-स्मोक’ या जाडसर वाटलेल्या, धुरी दिलेल्या सॉसेजची आहे. परंतु तिथे शाकाहारी हॉट डॉग मिळतो आणि त्यावर घालायला मांसविरहित चिलीही (मसालेदार रस्सा) मिळते. मस्टर्ड आणि कांदा दोघांवरही सारखाच पडतो.

आपला,
एक नियमित वाचक