मंत्रिमहोदय, आमच्या उघाडीतला भराव कधी निघणार?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षीच्या पक्षी सप्ताहात आपण आमच्या बेटावर आला होतात. रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे. तीन बाजूंना चिखल आणि तिवरं, चौथीकडे समुद्र आणि बाहेर पडायला एक अरुंद पूल. माझ्या वाडीत पाटाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. आपण शहाळं प्यायलात. माझ्या यजमानांची जुनी दुर्बीण डोळ्यांना लावून फणसावरचा हळद्या पाहिलात आणि म्हणालात, "बाई, इतका पिवळा रंग जन्मात पाहिला नव्हता." मग सगळे मिळून तळ्याकडे गेलो. तिथे मी आपल्याला बुजत चाललेली उघाडी दाखवली आणि आपण साऱ्या गावासमोर शब्द दिलात, आठ दिवसांत भराव निघेल.

वर्ष उलटलं. गेल्या मंगळवारी पहाटे त्याच भरावावरून पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. हे पत्र मी सांगते आहे आणि नात लिहून घेते आहे.

उघाडी म्हणजे भरती अडवणाऱ्या खारबांधाला ठेवलेली पाण्याची वाट. आमच्या उघाडीच्या झडपा कधीच्या कुजून गेल्या. आतली भातशेती सुटली, भरतीचं पाणी खाजणात, म्हणजे बांधाआतल्या सखल जमिनीत, येऊ-जाऊ लागलं आणि तिथे गुडघाभर पाण्याचं तळं झालं. या तळ्यावर आमचा सगळा हिवाळा चालतो. पक्षी खाडीत राहतात, असं पाहुण्यांना वाटतं. खाडीत ते फक्त जेवतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की मालगुजे, टिलवे, तुतवार, चिखले, कोरल सगळे तिथे उतरतात आणि किडे, शिंपल्या, कोलंबीची पिल्लं वेचतात. भरती आली की तो सगळा चिखल पुरुषभर पाण्याखाली जातो. मग चार-पाच तास त्यांनी उभं कुठे राहायचं? त्यासाठी बांधाच्या आत उथळ पाणी लागतं, मोकळी जागा लागते आणि आसपास कुत्री-माणसं नसावी लागतात. छोटा टिलवा सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून येतो. वजन म्हणाल तर जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. दर भरतीला त्याला घिरट्या घालायला लावल्या, तर परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथेच जळून जाते.

हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही. मागच्या माघात तिवराच्या आडोशाला बसले होते. एक मालगुजा माझ्यापासून दहा-बारा पावलांवर चिखलात चोच खुपसत होता, पार डोळ्यांपर्यंत. चोच बाहेर आली की टोकाला चिखलाचा थेंब आणि त्यात वळवळणारा किडा. त्याच्या चोचीचं नुसतं टोक उघडतं, बाकीची चोच मिटलेली राहते, म्हणून चिखलाच्या आतच त्याला भक्ष्य धरता येतं. अर्धा तास मी हललेही नाही. भरती चढली, पाणी त्याच्या पोटाला लागलं, तेव्हा तो उडाला आणि सरळ तळ्यावर जाऊन एका पायावर उभा राहिला. त्याच्या मागोमाग सगळा थवा आला. त्या दिवशी मी चारशेपर्यंत मोजले आणि मग नाद सोडला. गेल्या मंगळवारी, पडण्याआधी, मोजले ते अकरा. तेही कोरड्या भेगांमध्ये बसलेले.

कारण तळ्यात पाणीच नाही. उघाडीच्या तोंडाशी सिमेंटचे तुकडे, फुटक्या लाद्या, तोडलेल्या भिंतींचा चुरा येऊन पडला आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी ओटीवरून एकशे बारा डंपर मोजले. रात्रीचे वेगळे.

आणि नुकसान फक्त पाखरांचं नाही. पावसाळ्यात आमच्या वाड्यांचं पाणी त्याच वाटेने निघतं. यंदा ते निघालं नाही. माझ्या वाडीत नऊ दिवस पाणी साचून राहिलं. चौदा सुपाऱ्या गेल्या. त्या सासूबाईंनी लावलेल्या होत्या. झावळ्यांखालच्या ओल्या पाचोळ्यात दर हिवाळ्यात नारिंगी कस्तुर यायचा, चोचीने एकेक पान उलटून खालचे किडे टिपायचा. घरातली मांजर दिसली तरी फार लांब जायचा नाही. यंदा पाचोळा कुजून काळा झाला, त्यावर मिठाची पांढरी साय आली. कस्तुर आला नाही. निळा कस्तुर मात्र देवळाच्या कोटावर आला आहे, नेहमीच्याच दगडावर. तेवढाच.

माझे यजमान शाळामास्तर होते. 1986 पासून त्यांनी दर हिवाळ्याच्या वह्या ठेवल्या. पहिला धोबी पक्षी कधी आला, शेवटचा मालगुजा कधी गेला, उधाणाच्या मोठ्या भरतीला किती, भांगाच्या लहान भरतीला किती. सहा वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून वह्या मी लिहिते. यंदाचं पान रिकामं सोडायची वेळ आली आहे आणि ते रिकामं पान मला मनगटापेक्षा जास्त दुखतं. या वह्यांच्या छायाप्रती मी आपल्या माणसांकडे दिल्या होत्या. पोच मिळाली. पुढे काय झालं, कोणाला ठाऊक नाही.

सात वेळा मी कार्यालयांचे जिने चढले. एका ठिकाणी सांगितलं, बांध आमचा नाही. दुसरीकडे सांगितलं, बांध आमचा आहे, पण पाणी आमचं नाही. तिसरीकडे साहेब साइटवर होते, म्हणून दोन तास बाकावर बसले आणि जेवायची सुट्टी झाली. चौथ्या ठिकाणी एका तरुण अधिकाऱ्याने सातबारा पुढे केला. "हे बघा, इथे पोटखराबा लिहिलंय, म्हणजे लागवडीला निकामी जमीन. तळं नाहीच आहे." मी म्हटलं, बाळा, चल, तुला दाखवते. तो म्हणाला, "आजी, कागदावर नाही ते आम्हाला दिसत नाही."

तो खोटं बोलला नाही, हे मला फार लागलं. पाणथळ जागा राखण्यासाठीच्या 2017 च्या नियमांत मिठागरं, मत्स्यशेतीची तळी, सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. आमचं खाजण यांतलं काहीच नाही. ते बांधलेलं नाही, झालेलं आहे. पण माणसाच्या बांधाच्या आत पाणी दिसलं की ते मानवनिर्मित म्हणायचं आणि फाइल बंद करायची, ही सोपी वाट सगळ्यांना सापडली आहे. या किनाऱ्यावर अशी किती खाजणं पोटखराबा म्हणून पडून आहेत? आपण एकदा तरी मोजली आहेत का?

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. 2015 मध्ये ठाणे खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं, जवळपास 1,690 हेक्टरचं. 2022 मध्ये ती खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले होते. पण 2024 च्या उन्हाळ्यात नवी मुंबईत नेरूळच्या तलावावर रोहित मरून पडले, तेव्हा तक्रार हीच होती की भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या. अभयारण्य तर शेजारच्या खाडीत होतंच. त्या तलावाला संरक्षण देण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला, पाखरं मेल्यावर. आपण पाखराचं ताट राखता आणि त्याचं अंथरूण काढून घेता. जेवलेला जीव मग कुठे टेकणार?

आमच्या तळ्यावर कोणी मरायची वाट बघायची आहे का? तसं असेल तर कृपया स्पष्ट लिहून कळवा. मी म्हातारी आहे, पण वाचता येतं.

यंदाच्या पक्षी सप्ताहात पुलाच्या तोंडाशी आपला फलक लागला होता. मोठा फोटो, बाजूला रोहित पक्षी. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा. म्हणून हा आठवडा. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. उभा जन्म वनखात्याच्या नोकरीत काढून त्यांनी मराठी माणसाला पाखरांची नावं दिली. तेही सरकारी नोकरच होते, म्हणून इथे आठवण काढली. फलकाच्या मागून, त्याच आठवड्यात, डंपर जात होते. फलक लावायला माणसं मिळतात, एक जेसीबी मिळत नाही?

गावातल्या चार पोरांनी कर्ज काढून दुर्बिणी घेतल्या. पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवारी येतात, त्यांना पाखरं दाखवायची, वाडीत पोहे-चहा द्यायचा, होडीतून खाडी फिरवायची. आपल्याच भाषणात आपण याला ग्रामीण रोजगार म्हणाला होतात. यंदा डिसेंबरचे दोन गट येऊन परत गेले. त्यातल्या एका मुलीने मला विचारलं, "आजी, पक्षी कुठे गेले?" शिक्षिका म्हणून पस्तीस वर्षं मुलांना उत्तरं दिली. तिच्यापुढे मान खाली घातली.

मागणी मोठी नाही. भराव उचला. उघाडीची वाट दोन माणसं उभी राहतील एवढी मोकळी करा. पुलावर रात्रीच्या डंपरना अडवणारी एक चौकी ठेवा. आणि महसूल नोंदीत या तळ्याला तळं म्हणा. मनोरा, बाग, सेल्फी पॉइंट, ज्याचा आराखडा आपल्या माणसाने दाखवला होता, तो नको. झाडाआड बसायला आम्हाला तिवर पुरतं.

येत्या पौर्णिमेला उधाण आहे. दुपारी बाराच्या सुमारास खाडी भरेल आणि चिखलावरचा थवा उठेल. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मी बांधावर असेन, नात वही घेऊन बरोबर असेल. तोवर वाट मोकळी झाली, तर पाणी आत येताना मी पाहीन आणि मालगुजे उतरले की मोजीन. नाही झाली, तर थवा तळ्यावरून दोन फेऱ्या मारून जिकडे जाईल, ती दिशा आम्ही वहीत लिहू आणि ते पान आपल्याला पाठवू.

आपली,
खाडीकाठच्या वाडीतली एक निवृत्त शिक्षिका