डोळे मिटून तिकीट मागणारा

कोल्हापूर

प्रिय गड्या,

फोनवर सांगून तुला पटणार नाही, म्हणून लिहितोय. तुझं चित्र अजून पुरं झालेलं नाही आणि तुझी वाकळ मी कापलेली नाही. दुसरं वाक्य वहिनींना आधी वाचून दाखव.

एसटीच्या रातराणीची ड्यूटी करून तू त्या दुपारी आलास, चहा निवेपर्यंत टेकतो म्हणालास आणि माझ्या चटईवर घोरायला लागलास. तेव्हा कोळशानं स्केच काढलं, तिथून हे सुरू झालं. (घोरणं चित्रात येत नाही, नशीब तुझं.)

8 बाय 4 चा अख्खा प्लाय घेतलाय. तू आडवा मावतोस, वर थोडी जागा उरते. पुढून जुने कागद चिकटवले तर दोन दिवसांत प्लाय पापडासारखा वाकला. ओला कागद सुकताना आकसतो नि लाकूड ओढतो, ठाऊक असून विसरलो. मग मागूनही तेवढेच कागद लावले, पट्ट्या ठोकल्या. अंगाला ॲक्रिलिक, चेहऱ्यावर तेवढा वरून तैलरंग. उलटं केलं असतं तर तेलकट थरावर ॲक्रिलिकनं धरलंच नसतं, पोपडे निघाले असते.

एवढं करून तू झोपेचना! मिशी जमली, उघडं तोंडही जमलं. वहिनी आल्या, बघून म्हणाल्या, "हे झोपलेत कुठं? डोळे मिटून तिकीट मागतायत." लेका, चार दिवस डोक्यातून गेलं नाही. चूक चेहऱ्यात नव्हतीच, खाली होती. तुझ्याखाली मी सपाट राखाडी रंग फासला होता. डोकं जड झालं की उशी खचते, खांद्यापाशी अंथरूण गोळा होतं. ते नसेल तर माणूस उभाच.

म्हणून वाकळ मागितली. रॉशेनबर्ग नावाच्या अमेरिकन चित्रकारानं 1955 साली न्यूयॉर्कमध्ये गोधडी आणि उशी फळीवर चढवून, त्यावर रंग ओतून अख्खा बिछाना भिंतीवर टांगला होता. त्याच्या बिछान्यात कुणी झोपलेलं नाही. मला तर तूच पाहिजेस. "सासूबाईंच्या हातची आहे, कात्री लागली तर बघा," या बोलीवर वहिनींनी दिली. फेव्हिकॉलनं ती पत्र्यासारखी कडक झाली असती. मग प्लायला भोकं पाडली आणि दाभणानं सुतळीचे टाके घातले, तुझ्या आईच्या धावदोऱ्याच्या ओळी सोडून. उसवली की जशीच्या तशी परत. मानेखाली कापूस कोंबला. काल संध्याकाळी दिवा लावला आणि तुला झोप लागलेली दिसली.

उजवा हात राहिलाय. स्केचमध्ये तो पोटावर आहे, पण मूठ मिटलेली की सैल, कळत नाही. मी सैल रंगवली, खोटी वाटली, खरवडली. सुट्टी मिळाली की ये, झोपायलाच ये. येताना तिकिटांचा जुना चिमटा आण. पेटीतली उरलेली तिकिटं चटईच्या कडेला लावायचीयत, आणि भोकं तूच पाडायचीस.

तुझा,
रंगाऱ्या